ऑनलाइन शास्त्रीय संगीत स्पर्धा : शुल्क पाचशे, खर्च सव्वातीन हजार

“काका, यात तानपुराच नाई येऊन रायला.”

पुतणीनं माझा हेडफोन कानाला लावून पाहिला आणि परत माझ्या हातात दिला. ऑनलाइन स्पर्धेची थेट फेरी दोन दिवसांवर आली होती आणि आम्ही घरात रंगीत तालीम करत होतो. एका फोनवर ती गात होती, दुसऱ्या फोनवर मी शेजारच्या खोलीत ऐकत होतो. तिच्या मांडीशी तानपुरा स्वच्छ वाजत होता, माझ्या कानापर्यंत मात्र त्याचा मागमूस पोचत नव्हता. लांबवलेला षड्जही मधेच विरून जायचा. बिघाड ना तिच्या गळ्यात होता, ना नेटवर्कमध्ये. व्हिडिओ कॉलची यंत्रणा एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून कापून टाकते. पंख्याची घरघर कापावी तसा तिनं तानपुरा कापला होता.

त्या संध्याकाळी लक्षात आलं की स्पर्धेच्या जाहिरातीत शुल्काचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, पण मुलाचं गाणं परीक्षकाच्या कानापर्यंत जसंच्या तसं पोचवायला काय लागतं, हे कुणी सांगत नाही. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या बोरी अरबसारख्या गावातून पहिल्यांदा प्रवेशिका भरणाऱ्या घरासाठी हा हिशेब मांडतो आहे.

आधी आमच्या घरचा हिशेब

पहिल्या स्पर्धेला आमचा झालेला खर्च असा :

नोंदणी शुल्क – ५०० रुपये
तबल्याच्या साथीचं मानधन – १,००० रुपये
तबलजींचं जाणं-येणं आणि चहा-जेवण – ३०० रुपये
फोनचा ट्रायपॉड – ४०० रुपये
वायरचा कॉलर माइक – ९०० रुपये
जादा डेटा – १०० रुपये
सेतू केंद्रात अर्ज भरणं, कागद स्कॅन करणं – ५० रुपये
एकूण – ३,२५० रुपये

पेटीची साथ गावातल्या भजनी मंडळातल्या काकांनी केली. पैशाचं विचारलं तर म्हणाले, “पोरीच्या गान्याचे पैसे काय घ्याचे?” त्यांना दुपट्टा आणि श्रीफळ दिलं. शहरात पेटीचंही मानधन तबल्याइतकंच धरून चाला.

ट्रायपॉड आणि माइक एकदाच घ्यावे लागतात. ते वगळले तर दुसऱ्या वेळचा खर्च १,९५० रुपयांवर येतो. नियमांत बसत असेल तर गाण्याचं तेच मुद्रण दुसऱ्या स्पर्धेला पाठवता येतं. मग उरतं फक्त शुल्क. तुमच्याकडे आकडे थोडे वरखाली होतील, पण प्रमाण साधारण हेच राहील : साडेसहा रुपये खर्च झाले की त्यातला एक रुपया शुल्काचा. म्हणून ‘शुल्क फक्त दोनशे’ वाचून घाईनं नाव नोंदवू नका आणि शुल्क भरून घरची तयारी स्वस्तात उरकू नका.

शुल्काच्या स्पर्धांआधी ही दारं ठोठावा

मूल नववी ते बारावीत असेल तर पहिलं दार शाळेतच आहे. केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाचा कला उत्सव २०१५ पासून होतो. त्यात शास्त्रीय गायन आणि वादन आहे, आणि जिल्हा, राज्य, राष्ट्र अशा पायऱ्या आहेत. करोनाच्या काळात २०२० चा कला उत्सव १० ते २२ जानेवारी २०२१ या दिवसांत पूर्णपणे ऑनलाइन झाला. घरून गाऊन राष्ट्रीय पातळीवर पोचता येतं, हे तेव्हा देशानं पाहिलं. नोंदणी शाळेमार्फत होते. पुष्कळ शाळांत पत्र येतं आणि फाइलला लागतं, म्हणून जून-जुलैतच मुख्याध्यापकांना भेटून ठेवा.

दुसरं दार सीसीआरटीचं, म्हणजे केंद्राच्या सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्राचं. १० ते १४ वयाच्या मुलांसाठी त्यांची सांस्कृतिक प्रतिभा शोध शिष्यवृत्ती आहे. शास्त्रीय गायन-वादन शिकणारं मूल अर्ज करू शकतं. निवड झाली तर शिक्षण चालू असेपर्यंत, ठरलेल्या वयोमर्यादेत, दरवर्षी मदत मिळत राहते. एका चषकापेक्षा अशा शिष्यवृत्तीचं मोल घराला जास्त. १८ ते २५ वयाच्या तरुण कलावंतांसाठी केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. तिची रक्कम दरमहा ५,००० रुपये आहे.

तिसरं दार आकाशवाणीचं. १६ ते २४ वयोगटासाठी तिची अखिल भारतीय संगीत स्पर्धा असते. नागपूर केंद्राच्या घोषणांकडे कान ठेवा. ही स्पर्धा घरबसल्या होत नाही, पण तिथलं नाव गाण्याच्या क्षेत्रात ओळखलं जातं.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. दहावीला शास्त्रीय कलेचे वाढीव गुण मिळतात, म्हणून काही पालक ऑनलाइन स्पर्धांची प्रमाणपत्रं गोळा करत बसतात. ते गुण प्रामुख्यानं मान्यताप्राप्त संस्थांच्या परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या त्यातल्या ओळखीच्या परीक्षा. कुठल्याही खासगी स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर ते मिळतील असं गृहीत धरू नका; शुल्क भरण्याआधी शाळेत विचारा. पैसा एकाच ठिकाणी घालण्याइतका असेल तर आधी परीक्षा, मग स्पर्धा.

शुल्क कशाचं देतो आपण?

आम्ही चाळलेल्या देशी स्पर्धांत शुल्क दोनशेपासून हजार रुपयांपर्यंत होतं. परदेशी स्पर्धांचं शुल्क डॉलरमध्ये किंवा युरोमध्ये असतं. त्यावर बँक चलन बदलण्याचा आकार लावते आणि डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्यावे लागतात.

पण शुल्क किती, यापेक्षा त्या बदल्यात मिळतं काय, हा प्रश्न महत्त्वाचा. माझ्या मते आपण पैसे देतो ते जाणत्या माणसानं आपल्या मुलाचं गाणं लक्ष देऊन ऐकावं म्हणून. प्रमाणपत्र कुठलाही छापखाना छापून देईल. म्हणून नाव नोंदवण्याआधी आयोजकांना चार प्रश्न लेखी विचारा.

परीक्षक कोण? नावं आधी जाहीर केलेली असावीत आणि त्या व्यक्तींचं गाणं-वाजवणं तुमच्या गुरुजींना ठाऊक असावं.
गुण कशाला? सूर, लय-ताल, रागशुद्धता, मांडणी असे भाग पाडलेले असावेत.
परीक्षकांचा लेखी अभिप्राय मिळतो का? सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच आहे.
पुढच्या फेरीला वेगळं शुल्क आहे का? असेल तर किती?

चौथा प्रश्न आम्ही एकदा विचारला नाही, त्याची किंमत मोजली. एका स्पर्धेत नावनोंदणीचे पैसे भरले, आठ दिवसांत ‘निवड झाली’ असा निरोप आला आणि अंतिम फेरीसाठी पुन्हा तेवढेच पैसे मागितले. तेही भरले. मग चषक घरपोच पाठवण्याचा खर्च वेगळा मागितला. निकाल लागला तेव्हा पुतणीच्या गटात पहिला क्रमांक अकरा जणांना मिळालेला होता. अभिप्राय एका ओळीचाही नव्हता. तिनं तो चषक कपाटात आतल्या बाजूला ठेवला. मुलांना कळतं.

नियमावलीत शोधायच्या गोष्टी

वय कोणत्या तारखेला धरणार? मुद्रण अखंड हवं की तुकडे जोडलेले चालतील? बहुतेक ठिकाणी एका दमात केलेलंच मागतात, आणि संगणकावर सूर दुरुस्त केल्याचं आढळलं तर प्रवेशिका बाद होते. प्रत्यक्ष साथ हवी, की मोबाइलवरचा ठेका आणि लेहरा चालेल? हा नियम नीट वाचा. ठेका चालत असेल तर तबल्याचे हजार-तेराशे रुपये वाचतात. पण चालत असला, तरी साथ परवडत असेल तर माणसाचीच घ्या. समेवर येताना समोरचा तबलजी मान डोलावतो, त्यानं गाणाऱ्या मुलाला जो धीर येतो तो यंत्रातून येत नाही.

चित्रफितीचे हक्क कुणाकडे राहणार, हेही पाहा. काही नियमावल्यांत आयोजकांना ती कुठंही, कितीही काळ वापरता येईल असं बारीक अक्षरांत असतं. मूल १८ वर्षांखालचं असेल तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात पालकांच्या संमतीची तरतूद आहे. चित्रफितीत शाळेचा गणवेश, घराची पाटी, गाडीचा नंबर दिसू देऊ नका. यूट्यूबवर टाकायला सांगितलं तर ‘अनलिस्टेड’ पर्याय चालेल का, ते विचारा. म्हणजे दुवा असणाऱ्यालाच ती दिसते. चित्रफीत पंधरा मिनिटांपेक्षा मोठी असेल तर यूट्यूबवर आधी फोन नंबरची पडताळणी करावी लागते.

वेळेची मर्यादा गाण्याचा आराखडा ठरवते. पाच मिनिटं मिळणार असतील तर विलंबित एकताल मांडायचा मोह आवरा. एक मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं एक आवर्तन अठ्ठेचाळीस सेकंदांचं होतं, म्हणजे पाच मिनिटांत जेमतेम सहा आवर्तनं. त्यात राग उभा राहायच्या आत वेळ संपते. त्यापेक्षा पाऊण मिनिट आलाप, मध्यलय तीनतालात स्थायी-अंतरा, थोडे बोलआलाप, आवाक्यातल्या ताना आणि तिहाई. हा निर्णय मात्र गुरुजींचा. नोंदणीच्या आधी एक तास त्यांच्यापुढे बसा. आमच्या मुलीला त्यासाठी एसटीनं यवतमाळला जावं लागतं. मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याचा अशा फेऱ्यांना मोठा आधार होतो.

घरच्या खोलीत मुद्रण

स्टुडिओ लागत नाही. दोन फोन, एक शांत खोली आणि दोन तासांचा निवांतपणा लागतो.

टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो. म्हणून स्लॅबची किंवा कौलारू खोली निवडा. भिंतींवर गोधड्या टांगा, खाली सतरंजी आणि चादरी अंथरा. आमच्याकडे एवढ्यानंच घुमारा निम्म्यानं उतरला. पंखा, फ्रिज बंद. वेळ पहाटेची बरी, गाड्यांचे हॉर्न आणि लाउडस्पीकर सुरू व्हायच्या आधीची. पण राग संध्याकाळचा असेल तर कित्येक जाणकार परीक्षकांना पहाटेच्या उजेडात यमन ऐकणं रुचत नाही. तेव्हा खिडक्या लावून दिवा लावा. वीज जाण्याच्या वेळा लक्षात ठेवून फोन आदल्या रात्रीच चार्ज करा.

तानपुऱ्याचं ॲप दुसऱ्या फोनवर लावा. ‘तानपुरा ड्रॉइड’ हे अँड्रॉइडवर फुकट मिळतं. पट्टी गुरुजींनी दिलेलीच ठेवा, मग ती काळी एक असो की काळी चार. चित्रीकरणाच्या दिवशी सूर अर्ध्यानं चढवायचे प्रयोग नकोत. तानपुऱ्याचा फोन छोट्या स्पीकरला जोडून गाणाऱ्याच्या मागे ठेवा. मुद्रण करणारा फोन समोर चार-पाच फुटांवर, तोंडाच्या उंचीला, विमान मोडवर. तानेच्या मधे फोन वाजला की अख्खं मुद्रण पुन्हा.

माइक घेतलात तर तो गळ्यापासून वीतभर खाली लावा. कॉलर माइक गळा जवळून पकडतो, त्यामुळे तबला-पेटी मागे पडते. म्हणून आधी एक मिनिटाचं मुद्रण माइक लावून आणि एक न लावता करून हेडफोनवर ऐका. आमच्याकडे साथीसह गाताना माइकशिवायचंच अधिक समतोल आलं. ९०० रुपये आधी खर्च करून बसलो होतो. तुम्ही आधी फोनवरच ऐकून पाहा. तबल्याचा डग्गा फोनच्या अगदी समोर आला तर आवाज फाटतो, म्हणून तबलजींना जरा बाजूला आणि मागे बसवा.

चार मुद्रणं करा, त्यापुढे नको. पाचव्या खेपेला गळा थकतो आणि मूल गाण्याऐवजी चुका मोजू लागतं.

डेटाचा हिशेब

१०८० पिक्सेलचं चित्रीकरण नेहमीच्या फोनवर मिनिटाला साधारण १०० ते १३० एमबी जागा घेतं. दहा मिनिटांचं गाणं म्हणजे सव्वा जीबीच्या आसपास. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर तो एकाच चित्रफितीत संपला. अपलोडचा वेग २ एमबीपीएस मिळाला तरी एवढी फाइल चढायला दीड तासाच्या आसपास लागतो. तेच ७२० पिक्सेलवर मिनिटाला ६० एमबी धरले तर फाइल ६०० एमबीची होते आणि चाळीस मिनिटांत जाते. नियमांत १०८० चा आग्रह नसेल तर ७२० पुरे; परीक्षक सूर ऐकतात, भिंतीचा रंग पाहत नाहीत.

फाइल व्हॉट्सॲपवर सरळ व्हिडिओ म्हणून पाठवू नका. ते ती दाबून लहान करतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर २ जीबीपर्यंत जशीच्या तशी जाते. आणि शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी पाठवून द्या. नेटवर्क नेमकं त्याच रात्री दगा देतं.

थेट फेरी असेल तर

झूमवर ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ ही सोय आहे. ती सुरू केली की यंत्रणा आवाज कापत नाही. आमच्या हरवलेल्या तानपुऱ्याचं उत्तर हेच निघालं, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. दुसऱ्या ॲपमध्ये आवाज गाळण्याची सोय शोधून ती बंद करा. गायक एका गावात आणि तबलजी दुसऱ्या गावात बसून थेट साथ करण्याच्या फंदात पडू नका. इंटरनेटवर आवाज पोचायला लागणाऱ्या क्षणभराच्या उशिरानंही सम चुकते. साथीदार त्याच खोलीत हवा.

पैसे भरताना

संस्था नोंदलेली आहे का पाहा. न्यास असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारा. जीएसटी लावत असतील तर पावतीवर पंधरा अक्षर-अंकांचा क्रमांक हवा; महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ नं सुरू होतो. पैसे संस्थेच्या नावाच्या खात्यावर जाऊ द्या. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर एखाद्या भलत्याच व्यक्तीचं नाव दिसलं तर थांबा.

बक्षीस लागलं असं सांगून कुणी आधी ‘कर’ किंवा ‘प्रक्रिया शुल्क’ मागितलं तर ती फसवणूक समजा. रोख बक्षिसावर कर कापायचा असेल तर तो बक्षिसातूनच कापून घेतात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. तो टाकला की पैसे जातात.

फसगत झाली तर

खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच, त्याच तासात, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. वेळ जितका कमी जाईल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

कबूल केलेली सेवा दिली नाही, म्हणजे अभिप्राय नाही, फेरी नाही, परतावा नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथंही काम झालं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करू शकतो. आयोजक दिल्लीचा असो की बंगळुरूचा, आपल्याला यवतमाळलाच दाद मागता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आणि ई-जागृती या संकेतस्थळावर घरून दाखल करता येते. त्यासाठी जाहिरात, नियमावली, पावती आणि संदेश यांचे फोटो पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. आम्ही ठेवले नव्हते.

वर्षाला एक, फार तर दोन

एवढं करून वर्षाला एक, फार तर दोन स्पर्धा पुरेत. एक शुल्क नसलेली, एक गुरुजींनी सुचवलेली. दर महिन्याला चित्रीकरण सुरू झालं की रियाज मागे पडतो, मूल तीच एक बंदिश घोटत राहतं आणि नवा राग शिकायचा राहून जातो. हा तोटा कुठल्याच पावतीवर दिसत नाही.

त्या थेट फेरीत पुतणीला बक्षीस मिळालं नाही. पंधरा दिवसांनी ई-मेलवर एक पान आलं. चार रकाने, गुण आणि खाली परीक्षकांच्या दोन ओळी : तार षड्जाला जाण्याआधी श्वास तुटतो, त्यामुळे तो स्वर घाईनं लागतो, मध्यसप्तकातला पंचम मात्र ऐकत राहावा असा आहे. तिनं ते पान तानपुऱ्याच्या फोनशेजारी भिंतीला चिकटवलं. आता रोज पहाटे पहिली दहा मिनिटं ती नुसता षड्ज लावते, श्वास मोजत. त्या दोन ओळींसाठी पाचशे रुपये मला जास्त वाटले नाहीत.